साहेबांची गाडी नापास

३ नोव्हेंबर, सोमवार

नापास. आपली गाडी धूर-तपासणीत नापास!

घरी येऊन तास झाला, चहा झाला, तरी अजून खरं वाटत नाही. एकोणतीस वर्षं ज्या माणसाने दुनियेच्या गाड्यांचा धूर तपासला, त्याची स्वतःची गाडी नापास. मी तर निव्वळ उपचार म्हणून गेले होते. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, येताना ब्लाउजच्या अस्तराचं कापड घेऊन येऊ.

तपासायला एक तरुण मुलगी होती. तिने गाडीच्या मागच्या नळीत सळई घातली, पडद्यावर आकडा आला. तिने तो पुसला, पुन्हा घेतला. तोच आला. मर्यादा ०.३. आपला १.९. मुलगी माझ्याकडे बघेना. कागदावरचं नाव वाचून हळूच म्हणाली, "ही सरांची गाडी?" तिला ह्यांनीच शिकवलंय म्हणे. "सर सांगायचे, सख्खा भाऊ असला तरी आकडा बघायचा, तोंड बघायचं नाही." आणि खाली मान घालून तिने लाल शिक्का मारला.

मागे टॅक्सीवाल्यांची ही रांग. सगळ्यांनी बघितलं. एकजण मोठ्याने म्हणाला, "साहेबांची गाडी नापास!" दोघं-तिघं हसले. हसणारच. त्यातल्या निम्म्यांना ह्यांनी कधी ना कधी परत पाठवलं असेल.

जुन्या गाड्यांना तीन संधी देतात. एक गेली. अठ्ठावीस तारखेपर्यंत पास झाली नाही तर नोंदणी रद्द, आणि गाडी सरळ भंगारात.

ह्यांना सांगितलं. खिडकीतल्या खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुढे."

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना झटका येऊन अकरा महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. शब्द एकच उरला. रांगेतल्या गाडीला हात करून दिवसातून शंभरदा म्हणायचे तो. पुढे. भूक लागली, पुढे. पाठ खाजते, पुढे. मी चिडले तरी पुढे. वाचा-उपचाराच्या बाई म्हणतात, असं होतं, सगळं पुसलं जातं आणि सवयीचा एखादाच शब्द राहतो.

आठवड्यातून तीनदा त्यांना बाईंकडे नेते. दहा महिन्यांनी, गेल्या पंधरवड्यात, पेला दाखवल्यावर "पा" म्हणाले. पाण्याचा पा. मी तिथेच रडले. बाई म्हणाल्या, आता खंड पडू देऊ नका, मिळवलेलं निसटतं.

आणि हे दुसऱ्या कुठल्या गाडीत बसत नाहीत. दोनदा भाड्याची गाडी बोलावून बघितली. दाराची चौकट धरून असा काही टाहो फोडला की शेजारीपाजारी बाहेर आले. आपल्या गाडीत मात्र राजासारखे बसतात, डाव्या हाताने पट्टा ओढून घेतात. म्हणून तर मी पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. क्लच सोडताना गाडी दहादा बंद पडायची, पण शिकले.

गाडी गेली की बोलणं गेलं. इतकं सरळ आहे ते.

५ नोव्हेंबर, बुधवार

गाडी वस्तादांकडे नेली. कोपऱ्यावरचं गॅरेज त्यांचंच, सगळे त्यांना वस्तादच म्हणतात. त्यांनाही खरं वाटेना. "साहेबांची? बाई, चेष्टा करता का?" लाल शिक्का दाखवला तेव्हा डोक्यावरची टोपी काढून खाली बसले.

मग कामाला लागले. प्लग काढले, काळेकुट्ट. हवेची जाळी बदलली, इंजिनाचं तेल बदललं. मीटर बघून विचारलं, "सोळा वर्षांत एवढीच चालली? ही उभी राहून राहून आजारी पडलीय. माणसासारखंच असतं यांचंही."

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, साहेब ऑफिसला पायी जायचे. गेली नऊ वर्षं रोज चार किलोमीटर जायचे, चार यायचे. ऊन असो की थंडी असो. गाडी कापडाखाली झाकलेली. मी सुरुवातीला कंजूष म्हणायचे, मग म्हटलं, प्रकृतीसाठी करतात, करू देत.

वस्ताद म्हणाले, "असा माणूस होणे नाही." मला बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवे प्लग बसले. गाडी आता शिवणयंत्राला तेल दिल्यावर चालते तशी चालते. सोमवारी दुसरी संधी घ्यायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा नापास. १.६.

काय चुकलं? ह्यांचा नियम अगदी अक्षरशः पाळला होता. लोकांना सांगून सांगून ह्यांचा घसा बसायचा, गाडी थंड आणू नका, चाळीस मिनिटं पळवा, मग माझ्याकडे या. मी ह्यांना शेजारी बसवून मोठ्या रस्त्याला चाळीस मिनिटं पळवली. हे खूश होते. टोल नाक्याशी "पुढे, पुढे" चाललं होतं, नाक्यावरचा माणूस हसून म्हणाला, "जा आजोबा, जा."

आणि आकडा १.६. मुलगी म्हणाली, "बाई, आता घाई करू नका. एकच राहिली." तिचा आवाज रडवेला झाला होता. माझा झाला नव्हता, कारण मला काही कळतच नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय लिहू? कसं लिहू?

वस्तादांनी गाडी उचलून खालून बघितली. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक लोखंडी डबा असतो, कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती विषारी वायू गिळते. वस्तादांनी रबरी हातोडीने त्या डब्यावर टकटक केलं. मलाही ऐकू आलं. पोकळ. रिकाम्या पिंपासारखा आवाज. वस्तादांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी म्हटलं, का? मी इथेच बसते.

त्यांनी कापून बघितलं. आत काही नाही. जाळी नाही, भुगा नाही, नुसती काळी पोकळी. बॅटरीच्या उजेडात आरपार दिसत होतं. "कुणीतरी साफ काढून टाकलंय. आज-काल नाही, जुनं काम आहे. आठ-दहा वर्षं झाली असतील."

मी म्हटलं, अहो, दरवर्षी गाडी तपासून घेतलीय, दरवर्षी पास झालीय. वस्ताद पान्हा पुसत राहिले.

तात्पुरती नळी लावून गाडी घरी आणली, कपाटाचा खण उघडला. ह्यांचे कागद मी कधी हात लावून बघत नाही. वर्षाला एक, अशी गेल्या नऊ वर्षांची प्रमाणपत्रं सुतळीत बांधलेली. प्रत्येकावर आकडा लिहिलेला, ०.२, ०.२, ०.१. आणि खाली तपासनिसाची सही.

नऊच्या नऊ ह्यांच्या सह्या.

आपल्या गाडीची तपासणी आपण करायची नाही हा नियम मला ह्यांनीच जेवताना सांगितलाय. नियम म्हणजे नियम, म्हणायचे. मी तेव्हा मान डोलवायचे. खणापुढे बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

राग येतोय. खूप राग येतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

सकाळी सगळी प्रमाणपत्रं ह्यांच्या मांडीवर टाकली. म्हटलं, हे काय आहे? डाव्या हाताने एकेक उलटून बघितलं. शेवटचं बघून झाल्यावर डोळे भरले. "पुढे," म्हणाले. "पुढे, पुढे." मी म्हटलं, पुढे काय? मला मागचं सांगा. जो माणूस बोलू शकत नाही त्याच्यावर मी ओरडले, आणि ओरडून बरंही वाटलं नाही.

आज बाईंकडे जायचा दिवस. नेलं नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवून टाकलं. डोकं दुखत नव्हतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भावजींची सारखी आठवण येते. ह्यांचा धाकटा भाऊ. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. आपली घरची, त्यांची टॅक्सी. पहिल्या महिन्यात सगळे नदीकाठी गेलो होतो. भावजींनी आमची नवी गाडी चालवून बघतो म्हणून घेतली, मी शेजारी. गेली दगडावरून. खालून असा धाडकन आवाज झाला की माझ्या हातातला डबा पडला. भावजी आडवे होऊन खाली बघून आले, पांढरेफटक. म्हणाले, "पोचा आलाय वहिनी. दादाला सांगू नका, जीव घेईल माझा." आम्ही दोघांनी ते कुणाला सांगितलं नाही. ती गोष्ट अजून आमच्या पोटातच आहे.

आणि नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी त्याच भावाची टॅक्सी नापास केली. भर रांगेत, चारचौघांत. भावजींनी हात जोडले म्हणे. ह्यांनी लाल शिक्का मारला आणि हात केला, "पुढे." भावजी ओरडले, "आजपासून मला भाऊ नाही." त्यानंतर आमच्या दारात पाऊल नाही. बाजारात दिसले तर रस्ता ओलांडून जायचे. ह्यांना झटका आला तेव्हासुद्धा फिरकले नाहीत. मी त्यांना काय काय बोलले असेन! कपाळकरंटा म्हणाले, दगड म्हणाले. आणि ह्यांची बाजू घेत राहिले. म्हटलं, माझा नवरा सरळ आहे, हाच काय तो गुन्हा.

आता कळतंय, ज्या वर्षी भावाला नापास केलं त्याच वर्षापासून खोट्या सह्या आहेत. पहिलं प्रमाणपत्र दोनच महिन्यांनंतरचं. दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं, पण दिवाच विझलेला असेल असं कुणाला वाटेल?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही नेलं नाही. पेला दाखवला. "पुढे." पा आला नाही. तीनदा दाखवला.

माझ्या रागापायी. सोमवारी नेणार, काही झालं तरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवा डबा मिळेल का विचारायला वस्तादांकडे गेले. या जातीची गाडी बंद होऊन वर्षं झाली. मागवला तर दोन महिने. बाजारात नकली मिळतात, आत नुसता कचरा, आकडा खाली येत नाही.

मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "एक वाट आहे. ओळखीच्या गाडीचा चांगला डबा एका दिवसासाठी लावू. पास झाली की काढून परत देऊ. सगळे करतात बाई."

मला मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पूर्ण एक मिनिट मी दिवस मोजत होते. मग म्हटलं, नको. ह्यांनी केलं तेच मी केलं, तर परवा ओरडले कुणावर?

निघताना त्या कापलेल्या डब्यावर नजर गेली. दोन्ही टोकांना वेल्डिंगचा जोड होता. बारीक, एकसारखा, खवल्यावर खवलं. पस्तीस वर्षं शिवणकाम केलंय. टाका बघून मी सांगू शकते ब्लाउज कुणी शिवला. मी वस्तादांना विचारलं, हा हात कुणाचा? त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं. "असा हात एकाच माणसाचा. मिशीवाले काका. आता काम सोडलंय त्यांनी, डोळे गेले."

१७ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांना बाईंकडे नेलं, वस्तादांनी तोवर डबा जोडून दिला होता. तिथून सरळ मिशीवाल्या काकांच्या घरी गेले. ह्यांना गाडीतच बसवलं, खिडकी उघडी ठेवून.

काका ओट्यावर शेंगा सोलत होते. म्हटलं, मी तपासनीस साहेबांची बायको. त्यांचे हात थांबले. "साहेब गेले का?" मी म्हटलं, नाही, पण बोलणं गेलंय. तेव्हा ते म्हणाले, "मग आता सांगायला हरकत नाही. जिवंतपणी सांगणार नाही अशी शपथ होती, पण ते गप्प झाले आणि मीही गप्प बसलो तर हे सांगायचं कुणी?"

आता जे लिहिते ते त्यांनी सांगितलं तसं.

भावजींच्या टॅक्सीतली जाळी जळून वितळली होती. टॅक्सी नापास करून ह्यांनी शिक्का मारला तो शुक्रवार. टॅक्सी बंद म्हणजे त्या घरची चूल बंद, तीन लेकरं लहान. रविवारी सकाळी हे आपली गाडी घेऊन काकांच्या दारात हजर. "माझ्या गाडीचा डबा कापा आणि त्याच्या टॅक्सीला लावा. त्याला सांगायचं, भंगारातून चांगला मिळाला. त्याचा जळका माझ्या गाडीला लावा." काका म्हणाले, साहेब, मग तुमची गाडी? "माझी उभी राहील. नवा मागवतो." काकांनी भावजींना निरोप धाडला, डबा बदलला, टॅक्सी दुसऱ्या रांगेत पास झाली. जळक्या डब्यातली वितळलेली जाळी धूर अडवत होती, म्हणून ती काढून टाकावी लागली. रिकामं टरफल आपल्या गाडीला बसलं.

म्हणजे नऊ वर्षं आपल्या गाडीखाली भावजींचा डबा आहे. आणि त्यांच्या टॅक्सीखाली आपला.

मी विचारलं, मग नवा का नाही मागवला? काका म्हणाले, "मागवला होता. यायला तीन महिने लागणार होते. मधेच तपासणीची तारीख आली, साहेबांनी सही केली. म्हणाले, यंदापुरती. एकदा सही झाल्यावर डबा घेणार कसा? पास झालेल्या गाडीला तपासनीस डबा बसवतोय ही बातमी दुपारपर्यंत चार गॅरेजांत फिरली असती. अडकला बिचारा. माझ्याकडे येऊन बसायचा कधी कधी. गाडी चालवत नाही म्हणायचा, जेवढा धूर कमी होईल तेवढा."

पायी. रोजचे आठ किलोमीटर. आणि मी कंजूष म्हणत होते.

गाडीशी परत आले तर हे काकांच्या घराकडे टक लावून बघत होते. घर ओळखलं होतं. मी चालवायला बसले, पण दहा मिनिटं किल्ली फिरवता आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निवृत्तीच्या समारंभात ह्यांचा सत्कार ठेवला होता. "सर्वांत सचोटीचा तपासनीस," असं तांब्याच्या पट्टीवर कोरलेलं. हे सकाळी सर्दीचं सोंग घेऊन झोपून राहिले. मीच जाऊन पट्टी घेतली, भाषणही केलं. घरी आल्यावर हे ती भिंतीवर लावू देईनात. केवढी भांडले होते मी!

ते आज एकदम डोळ्यापुढे आलं, हातात कात्री असताना. कापड वाकडं कापलं गेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खोटी सही ती खोटीच. भावासाठी केली म्हणून खरी होत नाही. हे मला कळतं. तो धूर कुणाच्या तरी लेकरांनी ओढलाच असेल.

पण आज ह्यांची दाढी करताना माझा हात आपोआप हळू झाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वस्तादांना काकांचं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ते म्हणाले, "मग सोपं आहे की! भावजींकडून डबा परत आणा. हक्काचा आहे तुमचा."

रात्रभर झोप नाही. सोपं कसं? टॅक्सी हे त्यांचं पोट आहे. नऊ वर्षांनी दारात जाऊन काय म्हणू, तुमच्या घासातला घास काढून द्या? शिवाय त्यांना ठाऊकच नाही तो कुणाचा आहे ते. ह्यांनी एवढं झाकून ठेवलेलं मी उघडं करू?

नाही जाणार. ठरलं. नवा डबा मागवला आहे, जानेवारीत येईल, तोवर गाडी भंगारात गेलेली असेल. येऊ दे. बाईंना विचारते, घरी येऊन शिकवाल का. त्यांचं दवाखान्याचं वेळापत्रक बघता नाहीच म्हणतील.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाई नाही म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, पण नाहीच.

आणि दुपारी! दार वाजलं. उघडलं तर भावजी. खांद्यावर गोणपाट. केस सगळे पांढरे. मी दाराला धरून उभी राहिले.

ते म्हणाले, "वहिनी, हे बसवून घ्या." गोणपाट फरशीवर ठेवलं, जड आवाज झाला. उघडलं तर कन्व्हर्टरचा डबा, ताजा कापलेला.

मी वेड्यासारखी विचारते, टॅक्सी कुठेय? "घरी. कापड टाकून ठेवलीय." कुणी सांगितलं तुम्हाला? "रांगेत टॅक्सीवाले असतात की. साहेबांची गाडी नापास झाली हे कळायला पेपर लागत नाही." पण हाच डबा? हा कसा काय आणलात? भावजी म्हणाले, "चहा टाका वहिनी. आणि साखर नऊ वर्षांपूर्वी होती तेवढीच." 

आत गेले. हे खिडकीत. भावाला बघून ह्यांचं तोंड हललं, हललं, आणि आला तो एकच शब्द. "पुढे."

भावजी रांगेतल्या टॅक्सीवाल्यासारखे म्हणाले, "हो साहेब, घेतो पुढे." आणि खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसले. ह्यांनी डाव्या हाताने त्यांची बाही धरली ती दिवेलागणीपर्यंत सोडली नाही. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वस्तादांनी डबा बसवला. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हीच भावजींना सांगितलंत ना? आईची शपथ घेतली त्यांनी, नाही म्हणाले. मिशीवाल्या काकांकडे निरोप पाठवला. त्यांचंही उत्तर, मी अवाक्षर बोललो नाही.

मग कुणी सांगितलं?

भावजींना म्हटलं, तुमचं पोट कसं चालेल? "थोरला कमावतो आता. नवा डबा येईपर्यंत टॅक्सी रस्त्यावर आणणार नाही, तसली टॅक्सी चालवली तर दादा खुर्चीतून उठून शिक्का मारेल. दोन महिने दादाचा ड्रायव्हर. तुम्ही क्लच फार जाळता म्हणे." वस्तादांनी चहाडी केलेली दिसते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तिसरी आणि शेवटची संधी.

भावजींनी चाळीस मिनिटं पळवली. हे पुढे, मी मागे. रांगेत टॅक्सीवाल्यांनी भावजींना साहेबांच्या गाडीत बघितलं आणि सगळ्या रांगेच्या माना वळल्या. मुलीने सळई घातली. आकडा वर गेला, ०.४. माझे डोळे आपोआप मिटले. भावजी म्हणाले, "वहिनी, बघा की." खाली येऊन थांबला होता. ०.२१.

हिरवा शिक्का. मुलीने सही करून कागद माझ्याकडे न देता ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी आकडा वाचला, मग सही वाचली. बराच वेळ सही बघत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पेला दाखवला. "पा."

३० नोव्हेंबर, रविवार

भावजी अंगणात गाडी धूत होते. मी समोर जाऊन उभीच राहिले. म्हटलं, वस्तादांनी सांगितलं नाही, काकांनी नाही. आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

ते म्हणाले, "खाली वाकून बघा." वाकले. डब्याला खालून पोचा होता. "नदीकाठचा दगड, वहिनी. तुम्ही आणि मी."

टॅक्सीला डबा बसला त्याच महिन्यात तो त्यांना दिसला होता. नऊ वर्षांपूर्वी.

मग आला का नाहीत?

"आलो असतो तर दादाला माझ्यापुढे खरं बोलावं लागलं असतं. आणि खरं बोलल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला असता, ओळखतो मी त्याला. शिवाय, भांडलेल्या भावाला स्वतःचा डबा कोण देईल? कुणाला संशय येणार नाही. म्हटलं, राहू दे वैर." मग बादली उचलत म्हणाले, "पुढे पुढे लाज वाटायला लागली. हॉस्पिटलात तीनदा आलो, जिन्यावरून परत गेलो."

आत जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. पोच्यासकट. ऐकून घेतलं. "पुढे" म्हणाले नाहीत.  मग डाव्या हाताने अंगणाकडच्या खिडकीकडे बोट केलं, मी ती उघडून दिली, भावजी दिसतील अशी.